शब्दावर उभी राहिलेली वीज : शिवडीच्या खाडीपासून मुळशीच्या खोऱ्यापर्यंत

१/
हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी शिवडीच्या जेट्टीवर गर्दी जमते. सगळ्यांचे डोळे चिखलातल्या गुलाबी रेषेवर खिळलेले असतात. त्या रेषेच्या मागे, खाडीपलीकडे, ट्रॉम्बेच्या उंच चिमण्या दिसतात. तेथील औष्णिक वीजकेंद्र १९५६ मध्ये सुरू झाले. पण त्याच्या चाळीस वर्षे आधीपासून या गिरणगावात वीज येत होती आणि ती धुरातून नव्हे, सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसातून येत होती. आज आपण जिला 'अक्षय ऊर्जा' म्हणतो, तिचा मुंबईतला पहिला मोठा व्यवसाय तो हाच. त्या काळी जलविद्युतेला 'पांढरा कोळसा' असे कौतुकाचे नाव होते.

आजच्या थ्रेडचा विषय धरणांचे अभियांत्रिकी हा नाही. न पडलेल्या पावसावर आणि न बांधलेल्या धरणावर विसंबून कोट्यवधी रुपये कोणी, कोणाच्या शब्दावर दिले, आणि तो शब्द देताघेताना कोणाला विचारलेच गेले नाही, हा आहे.

२/
आधी १९१० च्या सुमाराची शिवडी डोळ्यांसमोर आणू. माझगाव ते शिवडी हा पूर्व किनारा पोर्ट ट्रस्ट भर घालून पुढे ढकलत होता. पुढे १९२० च्या दशकात कुलाब्याचा कापूसबाजार ज्या जागी हलला आणि जिला आपण 'कॉटन ग्रीन' म्हणतो, ती याच भरावाची देणगी. परळ, लालबाग, शिवडीच्या आकाशात गिरण्यांची धुराडी उभी होती. मुंबईत ऐंशीहून अधिक कापडगिरण्या होत्या आणि त्यांपैकी बहुतेक सगळ्या वाफेवर चालत.

वाफेला कोळसा लागतो आणि मुंबईच्या आसपास कोठेही कोळशाची खाण नाही. तो बंगालमधून यायचा, इंग्लंडमधून यायचा, दक्षिण आफ्रिकेतील नाताळमधूनही यायचा. रेल्वेचे डबे कमी पडले, जहाजभाडे वाढले की गिरणीमालकाचा हिशेब कोलमडे. धुराचा त्रास इतका वाढला होता की १९१२ मध्ये मुंबईसाठी धूरप्रतिबंधक कायदा करावा लागला.

३/
येथे अर्थशास्त्राचा एक साधा मुद्दा समजून घ्यावा लागेल, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे.

वाफेचे इंजिन घेतले तर यंत्राचे पैसे एकदा आणि कोळशाचे पैसे रोज. धंदा मंदावला तर कोळसा कमी जाळा. जलविद्युतेचे गणित उलटे आहे. धरण, कालवे, डोंगर उतरणाऱ्या नळवाहिन्या, वीजगृह, शहरापर्यंतच्या तारा, हे सर्व आधी बांधावे लागते. पहिले युनिट विकले जाण्यापूर्वीच जवळजवळ सगळा पैसा खर्च झालेला असतो. त्यानंतर इंधन फुकट. आजच्या सौर आणि पवन प्रकल्पांचीही हीच गत आहे.

म्हणून या धंद्यात उतरणाऱ्याला तीन वचने एकाच वेळी हातात लागतात : 'मी पैसे देतो' असे गुंतवणूकदाराचे, 'मी वीज घेतो' असे गिऱ्हाइकाचे आणि 'मी जमीन मिळवून देतो' असे सरकारचे. यांतले एक जरी डळमळले तरी उरलेल्या दोघांचे धैर्य खचते.

४/
आणि मुंबईला वचनांची भीती वाटावी असे पुष्कळ घडून गेले होते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मिळालेला पैसा भराव घालणाऱ्या आणि कागदावरच्या कंपन्यांत ओतला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि तो फुगा फुटला. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा अनभिषिक्त राजा कोसळला, जुनी बँक ऑफ बॉम्बे बुडाली. शहराच्या स्मृतीत ते वर्ष 'शेअर मेनिया'चे म्हणून राहिले.

त्या वेळी जमशेटजी टाटा नावाचा पंचविशीतला तरुण लंडनमध्ये होता. पेढीचे कागद कवडीमोल झाले होते. त्याने धनकोंपासून काही न लपवता सारी स्थिती त्यांच्यापुढे मांडली, आणि त्यांनी त्यालाच स्वतःच्या व्यवहाराचा निरवानिरव करणारा म्हणून नेमले, अशी हकीकत त्याच्या चरित्रात येते. (माझ्या वयाचा माणूस लंडनमध्ये धनकोंसमोर असा उभा आहे, हे चित्र मला त्याच्या पुढच्या सगळ्या पुतळ्यांपेक्षा अधिक लक्षात राहिले आहे.)

५/
मराठीत 'पत' हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. पैसा तिजोरीत असतो, पत दुसऱ्याच्या मनात असते. गिरण्यांचा सारा कारभार पतीवर चाले.

गिरणी भागधारकांची असली तरी ती चालवणारी पेढी वेगळी असे. तिला 'एजंट' म्हणत. खेळते भांडवल मोठ्या प्रमाणात लोकांच्या ठेवींतून येई. सहा महिने किंवा वर्षाच्या मुदतीने लोक आपली बचत गिरणीत ठेवत. ती बँकेच्या नावाकडे पाहून नव्हे, तर एजंटाच्या घराण्याकडे पाहून ठेवलेली असे. अफवा उठली की ठेवी काढायला रांग लागे.

एजंटांचा मोबदला बहुधा उत्पादनावर ठरे, म्हणजे जितके पौंड सूत निघेल तितके कमिशन. भागधारकाला तोटा झाला तरी एजंटाचे कमिशन सुटत नसे. जमशेटजींनी ही पद्धत सोडून नफ्यावर दहा टक्के घेण्याची पद्धत स्वीकारली. कुर्ल्याची रोगट धरमसी गिरणी घेऊन १८८६ मध्ये त्यांनी 'स्वदेशी मिल' उभी केली. ती बुडू लागली तेव्हा नागपूरच्या एम्प्रेस मिलचे स्वतःचे शेअर विकून त्यांनी तिच्यात पैसा घातला. यात उदारता किती आणि हिशेब किती, यावर वाद घालता येईल. मला वाटते की तो उत्तम हिशेब होता. एका गिरणीत गमावलेला पैसा पुढच्या वीस वर्षांची पत विकत घेत होता.

६/
आता या थ्रेडमधला सर्वांत महत्त्वाचा भाग : नावे. इतिहासाच्या वर्गात आम्हांला संचालक मंडळांच्या याद्या कंटाळवाण्या वाटत. पण दोन याद्या शेजारी ठेवल्या की शहराचा नकाशाच उलगडतो.

बँक ऑफ इंडिया, स्थापना ७ सप्टेंबर १९०६. आरंभीच्या संचालकांत सर ससून डेव्हिड, रतनजी दादाभाई टाटा (जे. आर. डी. यांचे वडील), गोरधनदास खटाव, लल्लूभाई सामळदास.

टाटा आयर्न अँड स्टील, स्थापना ऑगस्ट १९०७. दोराबजी टाटा अध्यक्ष. सोबत पुन्हा सर ससून डेव्हिड, पुन्हा रतनजी दादाभाई टाटा, पुन्हा गोरधनदास खटाव. शिवाय विठ्ठलदास ठाकरसी आणि नरोत्तम मोरारजी.

थोडे पुढे गेलो तर १९११ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती सहकारी बँकेमागे ठाकरसी आणि लल्लूभाई दिसतात. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत वालचंद हिराचंदांच्या बरोबर नरोत्तम मोरारजी आणि लल्लूभाई दिसतात.

७/
हे लोक एका जातीचे नव्हते. टाटा पारशी. डेव्हिड मुंबईत जन्मलेले बगदादी ज्यू. ठाकरसी, खटाव, मोरारजी भाटिया. लल्लूभाई भावनगरचे नागर ब्राह्मण. वालचंद सोलापूरचे जैन. लग्नसंबंधांनी बांधलेली जुनी पेढी जातीच्या आत विश्वास ठेवी. या मंडळींचा विश्वास जातीबाहेर गेला होता, पण वर्गाबाहेर गेला नव्हता. कापसाचा बाजार, १८७५ मध्ये स्थापन झालेली गिरणीमालकांची संघटना, कायदेमंडळ, बँकेची बैठक, अशा चार ठिकाणी वर्षानुवर्षे तेच चेहरे भेटत. एका ठिकाणी शब्द मोडला तर चार दारे बंद होत. त्यांच्या परस्परविश्वासात सद्‌गुणाचा वाटा असेलही, पण त्याचे खरे बळ या वारंवार होणाऱ्या भेटीत होते.

बाजारपेठांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याच्या 'हत्ता' पद्धतीविषयी आपण ऐकले असेल. बाहेरच्याला काहीच कळत नाही, आतल्या दोघांना सगळे कळते. या वर्तुळाचे वर्णन करायला मला याहून नेमकी प्रतिमा सापडत नाही.

८/
या जाळ्याची पहिली मोठी परीक्षा पोलादात झाली. लंडनच्या भांडवलदारांनी टाटांच्या पोलाद कारखान्याला मनासारख्या अटींवर पैसा दिला नाही. तेव्हा १९०७ मध्ये हिंदुस्थानातच भागविक्री काढण्यात आली. स्वदेशीची चळवळ ऐन भरात होती. सुमारे तीन आठवड्यांत आठ हजारांच्या आसपास हिंदी गुंतवणूकदारांनी आवश्यक भांडवल भरून काढले. पुढे खेळत्या भांडवलासाठी कर्जरोखे निघाले तेव्हा ते ग्वाल्हेरच्या महाराजा शिंद्यांनी एकट्यांनी उचलले.

आजच्या भाषेत सांगायचे तर मुंबईच्या धंद्याला प्रथमच 'प्रमुख गुंतवणूकदार' म्हणून संस्थानिक मिळाले. ब्रिटिश सत्तेखाली संस्थानिकांना सैन्य वाढवता येत नव्हते, राज्य वाढवता येत नव्हते. त्यांच्या पैशाला जाण्यासाठी जागा हवी होती आणि मुंबईच्या पेढ्यांना पैसा हवा होता.

९/
आता वीज. पश्चिम घाटावरचा पाऊस साठवून खाली सोडावा आणि त्यातून मुंबईसाठी वीज काढावी, ही कल्पना मुंबईतील डेव्हिड गॉसलिंग या वास्तुविशारदाची. ती जमशेटजींनी उचलून धरली. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ती कागदावरच होती. पुढचे काम थोरले पुत्र दोराबजी यांच्याकडे आले. जलयोजनेचा तपशीलवार आराखडा आर. बी. जॉयनर या अभियंत्याने तयार केला.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क (पुढचे लॉर्ड सिडनहॅम) यांनी योजनेला पाठबळ दिले. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी नोव्हेंबर १९१० मध्ये नोंदली गेली. भांडवल दोन कोटींच्या घरात होते आणि ते हिंदुस्थानातच उभे राहिले, पुन्हा संस्थानिक आणि मुंबईचे व्यापारी यांच्या बळावर. ८ फेब्रुवारी १९११ रोजी क्लार्क यांच्याच हस्ते लोणावळ्याला कोनशिला बसली.

१०/
पहिले वचन मिळाले. दुसरे अधिक अवघड होते.

तुलनेसाठी म्हैसूर पाहा. कावेरीवरील शिवनसमुद्र येथे १९०२ मध्येच जलविद्युत केंद्र सुरू झाले होते. पण तेथे पैसा संस्थानाचा होता आणि गिऱ्हाईक जवळपास एकच, कोलारच्या सोन्याच्या खाणी. एका सरकारने एका व्यवस्थापनाशी करार केला की काम झाले.

मुंबईत डझनावारी गिरणीमालकांना पटवायचे होते. त्यांनी काय करायचे होते? चालू स्थितीतली, किंमत पूर्ण वसूल न झालेली वाफेची इंजिने बाजूला काढायची, विजेच्या मोटारी बसवायच्या आणि सत्तर किलोमीटरवरून, मधल्या डोंगरदऱ्या आणि खाड्या ओलांडून येणाऱ्या एका तारेवर गिरणी सोपवायची. तार तुटली तर? पाऊस कमी झाला तर? शिवाय वीज विकणारा स्वतःच गिरणीमालक, म्हणजे धंद्यातला प्रतिस्पर्धी. उद्या त्याने भाव वाढवला तर?

११/
या शंकांना तांत्रिक अहवालाने उत्तर मिळत नाही. त्यांना उत्तर मिळाले ते वर सांगितलेल्या जाळ्यातून. ज्या वर्तुळातून भांडवल आले त्याच वर्तुळात गिऱ्हाइके होती. वीज घेणारा आणि वीज कंपनीत पैसा गुंतवणारा एकच असेल, किंवा व्याही, भागीदार, बँकेतला सहसंचालक असेल, तर दर वाढवून त्याला लुबाडणे कोणालाच परवडणारे नव्हते. आजचा भांडवल बाजार नियामक यावर 'हितसंबंधांचा संघर्ष' असा शिक्का मारील आणि तो योग्यच ठरेल. परंतु स्वतंत्र नियामक, पतमानांकन आणि दीर्घ मुदतीचे प्रमाणित करार यांपैकी काहीही नसताना हाच संघर्ष हमीचे काम करत होता, हेही तितकेच खरे.

१२/
पत जशी मिळते तशी जातेही. धरणाचे काम चालू असतानाच १९१३ मध्ये इंडियन स्पेसी बँक बुडाली. चांदीच्या सट्ट्यात ती अडकली होती. तिच्यासह देशभर अनेक हिंदी बँका कोसळल्या आणि ठेवीदार देशोधडीला लागले. स्वदेशीच्या लाटेत उभ्या राहिलेल्या प्रत्येक संस्थेकडे लोक संशयाने पाहू लागले. बँक ऑफ इंडिया तगली. त्याच वर्तुळाच्या वीज योजनेचे कामही थांबले नाही.

मग १९१४ चे महायुद्ध आले. योजनेची टर्बाइने स्वित्झर्लंडची होती आणि जनित्रे जर्मनीची, म्हणजे एका पुरवठादाराचा देश एकाएकी शत्रू ठरला. तरीही ११ फेब्रुवारी १९१५ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीजपुरवठ्याचे उद्घाटन झाले.

लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांत चार महिन्यांचा पाऊस साठवायचा, तो नळांतून पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून खोपोलीच्या वीजगृहावर सोडायचा, आणि सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने ती वीज परळच्या केंद्रापर्यंत आणायची, अशी ही व्यवस्था. त्या काळच्या जगातही हा दाब आणि ही उंची कौतुकाची होती.

१३/
यश आले की विश्वासाची भूक वाढते. १९१६ मध्ये आंध्रा व्हॅली कंपनी निघाली (नाव आंध्रा नदीवरून, आंध्र प्रदेशाशी संबंध नाही, हा गैरसमज दर वेळी कोणीतरी करतेच). तिचे भिवपुरीचे वीजगृह १९२२ मध्ये सुरू झाले. १९१९ मध्ये तिसरी कंपनी, टाटा पॉवर, नोंदली गेली. गिरण्यांखेरीज आता रेल्वेही गिऱ्हाईक होऊ घातली होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी हार्बर मार्गाने, म्हणजे आपल्या शिवडीवरूनच, धावली.

तिसऱ्या कंपनीचे धरण नीळा आणि मुळा नद्यांच्या संगमावर, पुणे जिल्ह्यातील मुळशी येथे होणार होते. तेथे तिसरे वचन उघडे पडले. जमिनीचे.

१४/
मुळशी पेट्यातील पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. आंबेमोहोर तांदूळ पिकवणारे ते खोरे. शेतकरी मावळे. शिवाजी महाराजांच्या सैन्यात लढलेल्या पूर्वजांची आठवण त्यांच्या बोलण्यात सतत असे.

जमीन घेण्यासाठी कंपनीला शेतकऱ्यांशी बोलण्याची कायदेशीर गरज नव्हती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात खाजगी कंपन्यांसाठी वेगळा भाग होता. कंपनीने सरकारशी करार करायचा, सरकारने त्या कामात लोकहित आहे असे मानायचे आणि जमीन संपादित करून द्यायची. करार दोघांचा, जमीन तिसऱ्याची. मुंबईच्या वर्तुळात ज्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षांची ओळख लागे, ती येथे एका अधिसूचनेने होत होती.

१५/
मुळशीचे चित्र 'टाटा विरुद्ध शेतकरी' एवढे सरळ नाही. या लढ्यावर मराठीत आणि इंग्रजीत मूलभूत काम करणारे राज्यशास्त्रज्ञ राजेंद्र व्होरा यांनी दाखवून दिले आहे की खोऱ्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण किंवा मालकीने गेली होती. कसणारा मावळा, कागदावर नाव सावकाराचे. कागदावरच्या मालकाला नुकसानभरपाईची रक्कम हवी होती, कसणाऱ्याला जमीन हवी होती. मावळ्याचे आणि सावकाराचे नातेही पिढ्यानपिढ्यांच्या विश्वासाचेच म्हणवले जाई. पण भरपाईचा आकडा समोर आल्यावर त्या नात्याची किंमत ठरली.

१६/
१६ एप्रिल १९२१, रामनवमी. शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम बंद पडले. नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांचे. पारनेरचा हा बुद्धिमान विद्यार्थी एडिंबरोला शिकायला गेला होता आणि तेथून बॉम्ब बनवण्याची विद्या घेऊन परतला होता. मुळशीने त्यांना 'सेनापती' ही पदवी दिली. त्यांच्याबरोबर विनायकराव भुस्कुटे होते. घोषणा होती 'जान किंवा जमीन'.

या बाजूलाही एक विश्वासाचे जाळे होते, हे आपण विसरतो. भावकी, सोयरीक, गावकी, एकमेकांच्या शेतावर जाऊन लावणी करून देण्याची रीत, आणि सणाला एकत्र येण्याची सवय. रामनवमीची निवड योगायोगाची नव्हती. मात्र या जाळ्याकडे बँक नव्हती, गव्हर्नर नव्हता. पुण्यातली वर्तमानपत्रे आणि पुढारी सोबत होते, पण न. चिं. केळकरांसारख्यांना मावळ्यांचा हट्ट आणि तडजोडीची शक्यता यांच्यामध्ये उभे राहावे लागत होते.

१७/
काम काही महिने थांबले आणि मग पुन्हा सुरू झाले. गांधीजींनी १९२१ च्या एप्रिलमध्ये 'यंग इंडिया'त मुळशीवर लिहून टाटांना आवाहन केले. त्याने धरण थांबले नाही.

सत्याग्रहींना तुरुंगात टाकण्यात आले. स्त्रियाही पकडल्या गेल्या. हळूहळू एकेक जण भरपाई स्वीकारू लागला. जाळे तुटायला लागले की शेवटच्या माणसाला टिकून राहण्यात अर्थ वाटत नाही. १८६५ मध्ये ठेवी काढायला धावणाऱ्या मुंबईकरांची मनःस्थिती आणि ही मनःस्थिती यांच्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही. फरक इतकाच की मुंबईकरांना दुसरी बँक उघडता आली.

बापटांनी अहिंसेची मर्यादा ओलांडली, रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२४ मध्ये लढा संपला. भिऱ्याचे वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. मुळशीचे पाणी पूर्वेला पुण्याकडे न जाता घाट उतरून पश्चिमेला कुंडलिका नदीत जाऊ लागले. आजही तसेच जाते.

१८/
समाजमाध्यमांवर या विषयावर लिहिले की दोन तऱ्हेची उत्तरे येतात. एक : 'टाटा नसते तर देश अंधारात असता.' दुसरे : 'भांडवलदार सगळे चोर.' दोघांनाही विनंती की संचालक मंडळाच्या याद्या आणि मुळशीच्या गावांच्या याद्या दोन्ही एकदा वाचाव्यात. दोराबजी लबाड होते म्हणून मुळशी घडले नाही. ते आपल्या वर्तुळातल्या प्रत्येकाशी शब्द पाळत होते. मावळे त्या वर्तुळात नव्हते.

१९/
वर्तुळाच्या आतही सारे सुखाचे नव्हते. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत टाटा अक्षरशः काठावर आले. १९२४ मध्ये पोलाद कंपनी वाचवण्यासाठी दोराबजींनी आपली खाजगी मालमत्ता, पत्नीच्या दागिन्यांसह, इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवली. मुळशीचे धरण पैसा गिळत होते. त्या काळात मोठे कर्ज देऊन टाटांना सावरणाऱ्यांत फ्रामरोज एदलजी दिनशा हे नाव येते. हे वकील, वित्ततज्ज्ञ आणि ग्वाल्हेर दरबाराचे आर्थिक सल्लागार. १९०७ मध्ये ज्या दरबाराने पोलादाचे कर्जरोखे उचलले, त्याच दरबाराशी जोडलेला हा माणूस. वीस वर्षांनी जुनी वाट पुन्हा उपयोगी पडली.

तरीही १९२९ मध्ये वीज कंपन्यांच्या व्यवस्थापनात एका अमेरिकी कंपनीला भागीदार करून घ्यावे लागले. वीज आता इतकी मोठी झाली होती की ओळखीच्या माणसांच्या वर्तुळात ती मावत नव्हती.

२०/
आणि शिवडी? गिरण्यांत वीज आली म्हणून कामगाराचे आयुष्य उजळले, असे म्हणता येत नाही. विजेच्या दिव्यांनी त्याची पहिली ओळख झाली ती १९०५ च्या सुमारास, जेव्हा गिरण्या दिवे लावून रात्री उशिरापर्यंत चालू लागल्या आणि दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. त्यावरून त्या वर्षी दंगेही झाले.

कोकण आणि घाटावरून आलेल्या या माणसांचेही स्वतःचे जाळे होते : गावच्या माणसाला कामावर लावणारा जॉबर, एकाच गावच्या बिऱ्हाडकरूंची खोली, उधारीवर जेवण देणारी खानावळीण, भिशी. १९२० च्या दशकात शिवडीत सरकारी बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. १९२८ चा सहा महिन्यांचा संप टिकला तो याच उधारीच्या आणि गावकीच्या बळावर. त्यावर स्वतंत्र थ्रेड हवा, येथे थांबतो.

२१/
शेवटी एक पत्ता. माहीमहून दादर, प्रभादेवीमार्गे लोअर परळकडे, पश्चिम रेल्वेच्या कडेने एक लांब रस्ता जातो. जुने लोक त्याला अजून तुळशी पाइप रोड म्हणतात. खोपोलीहून आणि पुढे भिऱ्याहून आलेली वीज ज्या गिरण्यांत फिरली, त्यांतल्या कितीतरी या रस्त्यालगत होत्या. आज तेथे काचेच्या इमारती आहेत. रस्त्याचे अधिकृत नाव आहे सेनापती बापट मार्ग.